निवांत

ऑफिसातल्या पावत्या ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर निघायच्या, ते जगाच्या पाठीवरचा कुणी 'निवांत' नावाचा हौशी माणूस फावल्या वेळात सांभाळतो, एवढंच साहेबांना ठाऊक होतं. तो निवांत म्हणजे खिडकीजवळ बसणारा आपलाच प्रोग्रामर, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ऑफिसात कळलं तर हेही काम आपल्याच बोकांडी बसेल, म्हणून प्रोग्रामरही मूग गिळून बसला होता.

पावत्यांवर चुकीची तारीख उमटायला लागली आणि तक्रार करूनही ती सुधारेना, तसे साहेब तापले.

"लिही त्या निवांतला. किती दिवस झाले तक्रार करून, झोपलाय का म्हणावं."

प्रोग्रामरने मुकाट्याने लिहिलं. मग घरी पोचल्यावर बूटही न काढता उत्तर धाडलं, "माफ करा. आमचे साहेब वेळेवर घरी सोडत नाहीत, सुट्टीही देत नाहीत. जरा उसंत मिळाली की करतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते वाचलं आणि ते अगदी मनापासून हळहळले.

"काय एकेक साहेब असतात बघ. माणसाला पार पिळून काढतात."

 

मग ते प्रोग्रामरकडे वळून म्हणाले, "असं कर, आज तू थांब आणि ते दुरुस्त करून त्याला पाठवून दे. तेवढीच त्या बिचाऱ्याला विश्रांती."