तळाचा चौकोन

कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरची आकृती मृण्मयीने फळ्यावर काढली. पगार, खरेदी, विक्री, गोदाम असे चाळीस चौकोन झाले आणि सगळ्यांचे बाण तळाच्या एकाच चौकोनात शिरले. त्यात नेमकं काय आहे, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी बाणांचा माग काढत ती तळमजल्यावर पोचली.

तिथे एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरसमोर पोतनीस काका बसले होते. रोज सकाळी नऊला पडद्यावर प्रश्न यायचा, ‘पुढे जायचे का?’ काका ‘होय’चं बटण दाबायचे. मग कंपनी सुरू व्हायची.

“कधी ‘नाही’ दाबलंत?” तिने विचारलं.

“एकोणीस वर्षांत तशी वेळ आली नाही,” काका गंभीरपणे म्हणाले. “मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा दाबून मगच मंगल कार्यालयात गेलो. मुहूर्तच साडेदहाचा धरला होता.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “शुक्रवारी रिटायर होतोय. एवढी जबाबदारी, माझ्यामागे कोण बघणार हो?”

ते बोलत होते तेवढ्यात मृण्मयीने लॅपटॉपवर एक ओळ लिहून टाकली होती. रोज नऊला ‘होय’ म्हणणारी. तिने काकांकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

“तीन माणसं घेतोय, काका. दोघं दाबायला, एक लक्ष ठेवायला.”

काकांनी बोटांवर हिशेब केला.

“चार घ्या,” ते म्हणाले. “एखादा रजेवर गेला तर?”