नागावच्या वाळूतली पकड

या, जरा पुढे सरका. टाळ खाली ठेवलेत तोवर एक गोष्ट सांगतो. नागावच्या किनाऱ्यावर माणसाने माणसाला कसं धरलं, त्याची.

रेवसचा हिरामण घुमत घुमत नागावच्या गड्यांत शिरला आणि समोरचे पाखरांसारखे फुटले. 'हुतूतूतू' करत तो डावीकडे वळला. डावीकडचे रेघेबाहेर पळाले. उजवीकडे वळला, उजवीकडचे पळाले. रेघेबाहेर गेला तो गडी बाद. हिरामणने कुणाला बोटही लावलं नव्हतं, तरी रेवसकर टोप्या उडवत होते. "वाघ हाय, वाघ!"

तो वाघ आपल्या बाजूला परतला आणि मान खाली घालून उभा राहिला. माणसं कशाला पळतात ते त्याला ठाऊक होतं. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला.

बत्तीस सालचा चैत्र. तोवर हुतूतू ज्याचा त्याचा, आपल्या आळीत आपल्याच माणसांशी खेळायचा. त्या वर्षी उत्सवात पहिल्यांदा जिल्ह्याचे सामने भरले. छापील नियम आले, चुन्याच्या रेघा आल्या, पंचाच्या गळ्यात शिट्टी आली आणि चांदीची ढाल आली. रेवसचे गडी मुंबईच्या धक्क्यावर हमाली करणारे. तिथे एका गठ्ठ्याला सगळ्यांचेच हात लागत, आणि रविवारी तेच हात हुतूतूत गुंतत. म्हणून रेवसचा म्होरक्या सदू कोळी हिरामणला घेऊन आला. कुणाला विचारायचं असतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नागावची जाणती मंडळी पंचाकडे गेली. पंच म्हणजे शाळेतले दिनानाथ मास्तर. त्यांनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि चष्मा पुसला. "ह्यात रेघ ओलांडण्याचं आहे, दम तुटण्याचं आहे. विटाळाचं काही नाही."

मंडळी माघारी वळली. पण पोरांना बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "खेळा, पण शिवू नका. संध्याकाळी कीर्तनाला उभं राहायचंय."

त्या कीर्तनाला हिरामण लहानपणापासून दर उत्सवात रेवसहून येत होता. मांडवाबाहेर, माडाच्या बुंध्याशी उभा राहायचा. बुवांचा आवाज तिथवर पोचायचा. सगळे अभंग त्याला पाठ होते. कीर्तन सरलं की मांडवातली माणसं एकमेकांना उराउरी भेटायची. हिरामण माडाला टेकून ते बघायचा, लांबून हात जोडायचा आणि घरची वाट धरायचा.

आता रेवसकडे तो एकटा उरला होता. सदू आणि बाकीचे केव्हाच पकडले जाऊन बाहेर बसले होते. नागावकडे उरला होता एक अंबाजी. पायाची पकड अशी, की सुटलेला गडी कुणी पाहिला नव्हता. संध्याकाळी बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहणाराही तोच. चढाईला तो आला, हिरामणपासून लांबूनच फिरला आणि परत गेला.

पुन्हा हिरामणची पाळी आली.

"जा रं, नुसता फेरी मारून ये," बाहेरून सदू ओरडला. "पळंल तो! ढाल आपलीच हाय!"

हिरामण मधल्या रेघेवर थांबला. दम धरायच्या आधी हळूच म्हणाला, "अंबाजीदादा, पळू नको रं. मी खेळाया आलोय. धर मला."

शिट्टी वाजली. हिरामण घुमत आत गेला. अंबाजी मागे सरला, आणखी मागे सरला. त्याची टाच चुन्याला लागली. आणखी एक पाऊल, की सामना संपला. कडेला त्याची आई मनुबाई उभी होती. तिने हाक घातली, "अंबाजी, सोड त्याला! देवाम्होरं कसा उभा राहशील?"

अंबाजीने एकदा मांडवाकडे पाहिलं. मग तो वाकला, झेपावला, आणि हिरामणच्या दोन्ही पायांना त्याने मिठी घातली.

लाट आली आणि गेली, तेवढंच ऐकू आलं. हिरामण पालथा पडला, पण थांबला नाही. कोपरं वाळूत रोवून तो मधल्या रेघेकडे सरकू लागला आणि अंबाजी त्याच्यामागे फरफटत निघाला. पोटरीला गाल घट्ट लावलेला, डोळे मिटलेले. कुणीही तसूभर दया केली नाही. हिरामणचा आवाज बारीक होत गेला. बोटं रेघेपासून वीतभर लांब असताना दम तुटला.

शिट्टी झाली. नागाव जिंकलं होतं, पण ओरडलं कुणीच नाही. म्हाताऱ्यांनी डोक्यावरची पागोटी हातात घेतली होती. का घेतली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अंबाजीने अजून पाय सोडले नव्हते. "जीव काढलास की रं माझा," तो धापा टाकत म्हणाला.

मनुबाई तरातरा पुढे आली. रागवायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. दोघं असे वाळूने माखले होते, की तिलाही क्षणभर आपला कोणता ते कळेना. "उठा रं," ती म्हणाली. "दोघंबी उठा. पाणी प्या."

सदू मात्र भडकला होता. "हातातली ढाल घालवलीस, लेका! आन वर हसतोस?"

हिरामण आपल्या घोट्यांकडे बघत होता. अंबाजीच्या बोटांचे वळ तांबडे उमटले होते.

"सदूदा," तो म्हणाला, "कीर्तन सरल्यावर मांडवात समदी उराउरी भेटत्यात, न्हवं? आज मला बी तशी भेट मिळाली."

ढाल नागावला राहिली. तिच्यावर जिंकणाऱ्यांची नावं कोरली आहेत. तुम्ही मात्र कधी कबड्डीत कुणाच्या पायाला मिठी घालाल, तेव्हा त्या दिवशी हरलेल्या हिरामणची आठवण ठेवा.