मधला तुकडा

दोन एसट्या बदलून द्वारकाबाई एकट्याच समुद्रावरच्या नव्या रिसॉर्टात पोचल्या. खाली झगमगीत दुकानं, वर हॉटेल, जिकडेतिकडे मुंबईचे पाहुणे! पहिल्याच दुकानात काचेआड आंबापोळी दिसली आणि त्या हरखून उभ्याच राहिल्या.

"चाखून तर बघा," दुकानदारानं चौकोनी तुकडा पुढे केला. "पूर्णगडच्या एक बाई घरी करतात. त्यांचे यजमान आणून देतात. तुम्ही मुंबईच्या ना?"

"हो तर!" बाई ठसक्यात म्हणाल्या आणि तुकडा तोंडात टाकला.

चौकोन कापून झाले, की ते घेऊन यजमान निघायचे. घरात उरायच्या त्या कडा. आपल्या हातच्या आंबापोळीचा मधला तुकडा द्वारकाबाईंनी वीस वर्षांत आज पहिल्यांदा खाल्ला.