घरातली थोरली

निकिताची एक खोड बायनाबाईला मुळीच खपत नव्हती. ती कुठंही, कुणाहीसमोर खरं बोलून टाकायची. सोनपेठच्या बाजारात म्हशीला गिऱ्हाईक आलं, सौदा जमत आला, तर ही मधेच म्हणाली, "पर लाथ मारती बरं का." म्हैस अजून दारातच होती.

"आज कचेरीत तोंड उघडलंस तर बघ," परभणीला एसटीतून उतरताना बायनाबाईनं बजावलं. "गेलेल्या हवालदारानं सारी जिंदगी फौजेत घातली, ती काय तुझ्या भोळेपणावर उधळायला? पेन्शन लागली न्हाई तर आपल्या अबोलीची शाळा सुटंल."

निकितात बोलायचं त्राण नव्हतं. वाटभर खिडकीतून ओकून तिचा जीव अर्धा झाला होता. बायनाबाईनं तिच्या मुठीत लिंबू कोंबलं. लग्नात हिला मुंडावळ्या तिनंच बांधल्या होत्या. तेव्हाही पोर अशीच पांढरीफटक पडली होती.

कचेरीतला साहेब भला माणूस. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"हवालदारांच्या पत्नी ह्याच ना? आणि मावशी, तुम्ही?"

"घरातली थोरली."

"म्हणजे जाऊबाई."

बायनाबाईनं मोकळ्या कपाळावर पदर ओढून घेतला.

"एक विचारावं लागतं, राग मानू नका," साहेब म्हणाला. "हवालदारांची आधीची कुणी बायको? असली तर हक्क तिचा. ह्यांना काही मिळायचं नाही."

"सायेब, खरं म्हंजी..." निकितानं तोंड उघडलंच.

टेबलाखाली बायनाबाईनं तिला सणसणीत चिमटा काढला. "खरं म्हंजी तिला एसटी लागती. आन् आमच्या घराला काय समजलाव तुमी? आणा इकडं, कुठं अंगठा लावायचाय?"

"बायको ही एकच, दुसरी कुणी नाही, असं लिहिलंय," साहेबानं ओशाळून वाचून दाखवलं.

बायनाबाईनं अंगठा असा दाबला की टेबल हललं. शाई तिनं केसांना पुसली.

स्टँडवर परतीची एसटी लागली होती. पायरीशी निकिता हमसून रडायला लागली. "आक्का, असं कामून केलाव? मला घास गोड लागंल का आता?"

बायनाबाईनं तिचं नाक स्वतःच्या पदरानं पुसलं आणि तिला वर ढकललं.

"मलाच पोर व्हईना म्हणून सवत करून आणलं मी तुला. इतकी वर्सं झाली, सवतीचा एक गुण दावला न्हाईस! चल, खिडकीपाशी बस."