मुद्देमालातले दार

दार रस्त्याच्या मधोमध आडवे पडले होते आणि सुतार त्याच्या शेजारी. ताडपत्री त्याच्या उंचीची नव्हती. हवालदाराने ती दोनदा ओढून पाहिली. एकदा डोके उघडे पडले, एकदा पाय. शेवटी त्याने पाय उघडे राहू दिले.

भूकंपाला तीन दिवस झाले होते. लुटारू दिसताच गोळी घालण्याचा हुकूम काल सुटला होता, आणि नाक्यावरच्या शिपायाने तो आज सकाळीच इमानेइतबारे पाळला होता. कोसळलेल्या घरातून एक माणूस डोक्यावर दार घेऊन निघालेला, कमरेला पटाशी, 'थांब' म्हटल्यावर थांबला नाही.

शाळेतून उचलून आणलेल्या बाकावर बसून पोलीस ठाण्याचे साहेब हवालदाराला पंचनामा सांगत होते. निम्मे शहर भुईसपाट झाले होते. छापील कागदावरचे रकाने मात्र जागच्या जागी होते.

"मुद्देमाल?"

"एक दार, साहेब."

"नुसतं दार? लोक तोंडात शेण घालतील. एका दारासाठी माणूस मारला म्हणतील. लाकूड कसलं आहे?"

हवालदाराने बुटाच्या टोकाने दार ठोकून पाहिले. "सागवान म्हणता येईल."

"मग म्हण. जुनं सागवान. किमती."

साक्षीला दोन प्रतिष्ठित माणसे उभी केली होती. एक कापड दुकानदार, ज्याचे दुकान शाबूत होते, आणि म्हणून ज्याची मतेही शाबूत होती. "आज दार नेतात, उद्या गाठोडी नेतील," तो म्हणाला. "वेळीच धाक बसला ते बरं." दुसरे हेडमास्तर. ते वाकून दाराची आतली बाजू न्याहाळत होते. फळ्यांवर पुसट ठशांची अक्षरे होती: 'काच. जपून हाताळा.' मास्तरांनी ती वाचली. मग चष्मा काढला, पुसला, आणि खिशात ठेवून दिला.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारले.

सुताराची बायको इतका वेळ ताडपत्रीपाशी बसून होती. ती उठली. रडण्याचे काम तिने पुढे ढकललेले दिसत होते.

"सागवान कसलं, साहेब? खोक्यांच्या फळ्या आहेत. ह्यांनीच जोडल्या. लोकांची दारं करून उरेल त्यातून आमचं."

"आमचं म्हणजे?"

"आमच्या घराचं."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने लेखणीकडे.

"घर तुमचंच कशावरून? कागद आहेत?"

"आहेत की. घराखाली."

"मग आणा."

"आणते. घर जरा उचलून धरा."

हवालदाराला खोकला आला. साहेबांनी डोळे वटारताच खोकला गेला.

"हे बघा," ती म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा. चोर लिहा, दरोडेखोर लिहा. ते आता भांडायला उठणार नाहीत. मला दार तेवढं द्या. सासूबाई मागच्या गल्लीत पडल्यात. कंबर मोडलीय. डॉक्टर म्हणाले, वाकवू नका, झोळीत घालू नका, सपाट फळीवर आणा. बारा वाजता त्यांची गाडी पुढच्या गावाला जाते. म्हणून तर ह्यांनी दार काढलं."

बाकावर साहेबांचे घड्याळ होते. सव्वाअकरा. सगळ्यांनी ते पाहिले, दुकानदारानेही.

"बाई, वाईट आम्हालाही वाटतं," साहेब म्हणाले. माणसे गारठ्याबद्दल बोलतात त्या सुरात. "पण दार आता मुद्देमाल आहे. न्यायालयात हजर करावं लागतं."

"न्यायालय उभं आहे का?"

"उभं राहील."

"तोवर म्हातारीनं पडून राहायचं?"

यावर छापील कागदात रकाना नव्हता. साहेबांनी दुकानदाराकडे सहीसाठी कागद सरकवला. त्याने नाव लिहून खाली एक जाड रेघ ओढली, गिऱ्हाइकाने कापड पसंत केल्यावर ओढावी तशी.

"मी थांब म्हणालो होतो," शिपाई मध्येच बोलला. त्याला कोणी विचारले नव्हते. "दोनदा म्हणालो."

"ते म्हातारीला ओरडून सांगत होते, आलो म्हणून," ती म्हणाली. "स्वतःचाच आवाज कानात. तुझा कुठून ऐकू येणार?"

शिपायाने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पटाशी तरी द्या. मागचं दार अजून चौकटीत आहे. ते काढते."

"हत्यार म्हणून जमा आहे," हवालदार हळूच म्हणाला. एवढ्या वेळात तो एकटाच खाली पाहत बोलला.

"असू दे. दगडानं काढीन बिजागऱ्या."

ती निघाली, पण गल्लीकडे वळण्याआधी शिपायासमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्याला एक पाऊल मागे सरावे लागले. तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांची माती होती. ती तिने दोन्ही तळहातांनी पुसली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, आणि कानांमागे केस सारले.

"नीट बघून घे," ती म्हणाली. "येताना डोक्यावर दार असेल. तोंड दिसायचं नाही."