ठिपक्यांतला पाच

“पाच,” भाचा म्हणाला. पान समोर धरून श्वासभरही वेळ गेला नव्हता.

मामाने मान हलवली आणि पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. डोळे तपासायच्या पुस्तकांची पानं तो हाताने रंगवायचा. शेकडो लहानमोठे ठिपके आणि त्यांत दडवलेला एखादा आकडा. खिडकीजवळच्या टेबलावर रंगाच्या वाट्या मांडलेल्या असत, नुसत्या हिरव्याच्याच नऊ. एक पान पुरं व्हायला आठवडा लागे, आणि पुरं झालं की ते वाचायचा पहिला मान भाच्याचा.

मामी चहा घेऊन आली. तिनेही वाकून पाहिलं.

“कुठाय पाच? मला तर नुसतं पुरळ उठल्यासारखं दिसतं.”

“अगं मामी, हा बघ, इथून असा वळतो.” भाच्याने बोटाने आकडा गिरवून दाखवला.

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय कोण जाणे!”

“तुझे डोळे चारचौघांसारखे आहेत,” मामा म्हणाला. “याचे वेगळे. हे पान शंभरात चार-पाच जणांनाच वाचता येतं.”

भाचा खुलला. आई गेल्यावर दहाव्या वर्षी तो या घरी आला, तेव्हापासून तो ही पानं वाचत होता. काही पानांवर त्याला आकडा दिसत नसे. “कोरं,” तो म्हणे. “शाब्बास, कोरंच आहे,” असं म्हणून मामा पुढचं पान काढी. एकदा त्याने एक पान मित्रांना नेऊन दाखवलं. “आम्हाला मामा बनवतोस काय रे?” मित्र म्हणाले. “इथे आकडाबिकडा काही नाही.” घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा मामा पोट धरून हसला. पण पान मळतं म्हणून त्या दिवसापासून ते घराबाहेर न्यायला बंदी झाली.

आता त्याला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, उंची-छाती झाली होती. डोळ्यांची तपासणी तेवढी राहिली होती. यंदा नाही तर कधीच नाही, कारण पुढच्या महिन्यात वयाची अट उलटत होती. गोदामातली कारकुनी त्याने मामाच्याच सांगण्यावरून सोडली होती. “असे डोळे घेऊन पोत्यांपाशी बसतोस?” मामा म्हणाला होता.

तपासणीच्या दिवशी तो तयार होऊन बाहेर आला तो एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून. मामी फिस्सकन हसली.

“अरे ध्याना, इंजिनावर निघालास की सर्कशीत?”

“हसू नकोस त्याला!” मामा एवढ्या जोरात ओरडला की मामीच्या हातातला कप हिंदकळला. मग त्याने स्वतः कपाट उघडून दुसरा जोड काढून दिला.

मामीने भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला. “जा बाबा. डोळ्यांचीच तर परीक्षा. तुझ्या डाव्या हातचा मळ.”

वाटेत भाच्याने विचारलं, “मामा, तिथे तुझंच नवं पुस्तक आहे ना? मग ही लबाडी नाही का होणार?”

“ती पानं तू पाहिलेली नाहीस. आणि मी कधी तुझ्याकडून आकडे पाठ करून घेतले? दिसेल ते सांग, दिसत नसेल तर नाही म्हण. एक अक्षर खोटं बोलायचं नाही.”

भाच्याला मामाचा फार अभिमान वाटला.

मामा बाहेर बाकावर बसला. आत डॉक्टरबाईंनी पुस्तक उघडलं.

“बारा,” भाच्याने पहिलं पान वाचलं. पुढच्या पानाला तो म्हणाला, “कोरं.” मग आणखी एक कोरं, आणखी एक.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या. “नीट बघा.”

“बघितलं. कोरंच आहे.”

अशी आठ पानं गेली. मग आकडे सुरू झाले आणि भाचा एखाद्या गाण्यासारखं म्हणत सुटला, “त्र्याहत्तर. सहा. पंचेचाळीस. दोन.” बाईंचं पेन थांबलं.

“हे तुम्हाला खरंच दिसतं?”

“स्वच्छ!” तो हसला. “आमच्या घरात मला एकट्यालाच दिसतं.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्ही कोरी म्हणालात त्या आठही पानांवर आकडे आहेत. चांगल्या डोळ्यांना ते दिसतात. आणि हे जे आत्ता वाचलेत ना, ते फक्त रंगांधळ्या माणसाला दिसतात. मला अर्जावर अपात्र लिहावं लागेल.”

भाचा उठला. त्याने दार उघडलं.

“मामा, जरा आत ये. पुस्तकात काहीतरी चूक झालीय. यांना समजावून सांग.”

मामा आत आला. त्याने आधी बाईंच्या समोरचा कागद ओढून घेतला आणि भाच्याची उत्तरं एकेक करून वरपासून खालपर्यंत तपासली. एकही चुकलं नव्हतं. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

“पुस्तक मंजूर करायच्या आधी मीच तुमच्याकडे माणूस मागितला होता, हे खरं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “रंगांधळा, पण ज्याला स्वतःलाच ते ठाऊक नाही असा. पण या वयाचा असा माणूस तुम्हाला मिळाला तरी कुठे?”

“मिळत नाही, डॉक्टरबाई,” मामा कागदाची घडी घालत म्हणाला. “वाढवावा लागतो.”