साहेबांचं कार्ड

नवऱ्याच्या तीन क्रेडिट कार्डांनी घर धुऊन नेलं, तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बायकोने स्वतःच्या नावावर वेगळं खातं काढलं. घरभाड्याचे, पोरीच्या फीचे पैसे तरी वाचावेत, एवढंच. नवराच म्हणाला होता, "माझ्या हाती पैसा लागूच देऊ नकोस." आज दोघं पासबुक घ्यायला बँकेत आली. कारकुनाने हसत पासबुकावर एक चकचकीत क्रेडिट कार्ड ठेवलं. "हे साहेबांसाठी, तुमच्या खात्यासोबत. खर्च आज, पैसे नंतर!" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मागितलं होतं कुणी? बुडत्याला वर काढायला खातं उघडलं मी, आणि तुम्ही त्याच्याच गळ्यात धोंडा बांधताय?" "मॅडम, मोफत आहे," कारकून पुटपुटला. तिने पिशवीतून कात्री काढली. तेवढ्यात नवऱ्याने हात पुढे केला. नजर कार्डावरच होती त्याची. तिने कात्री मागे ओढली. "कात्री दे," तो म्हणाला, "मीच कापतो."